मागचा पाय हवेत होता का?

वाचकाचं पत्र : "कळव्यात मी १२ ते १६ वयाच्या मुलींना कबड्डी शिकवते. गेल्या महिन्यात सरावाच्या सामन्यात एका मुलीने बोनस घेतला (एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवताना मागचा पाय हवेत असेल, तरच हा जादा गुण मिळतो). ती म्हणते मागचा पाय हवेत होता, बचावातल्या मुली म्हणतात टेकला होता. मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवून पाहिला, तर पायाच्या जागी नुसता पांढरा धूर! आता पालकांनी मिळून २५ हजार रुपये जमवलेत आणि चांगला कॅमेरा घ्या म्हणतात. दुकानदार फोर-केचा आग्रह धरतोय. माझा मुलगा म्हणतो फोनच पुरे. भाऊ त्याचा जुना हँडीकॅम सात हजारांना द्यायला तयार आहे, तोही फुल एचडी आहे म्हणे. काय घेऊ? आमचा सराव संध्याकाळी साडेसहानंतर दिव्यांखाली असतो." – एक प्रशिक्षक, कळवा

ताई, नमस्कार.

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत : सराव दिव्यांखाली असतो. दुकानदाराने हे तुम्हाला विचारलं होतं का? विचारलं नसेल, तर फोर-केचा आग्रह त्याने कशाच्या जोरावर धरला ते त्यालाच ठाऊक.

आधी तो पांढरा धूर कुठून आला ते बघू, म्हणजे पैसे कशावर घालायचे ते आपोआप कळेल. व्हिडिओत दोन वेगळी आकडेमोड चालते आणि दुकानात त्यातली एकच सांगतात. सेकंदाला किती चित्रं काढली जातात, ती फ्रेम्सची संख्या. आणि त्यातलं प्रत्येक चित्र काढताना शटर किती वेळ उघडं राहतं, ती दुसरी. चढाई करणाऱ्या मुलीचा पाय सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरतो असं धरू. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील, तर एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत तिचा पाय २० सेंटीमीटर सरकलेला असतो. मधल्या काळात टाच टेकून उचलली गेली, तर कॅमेऱ्याला पत्ताच नाही. ५० फ्रेम्स घेतल्या की ही फट १० सेंटीमीटरवर येते. बोनसच्या भांडणासाठी ५० च्या खाली जाण्यात अर्थ नाही, हे इथेच ठरून गेलं.

पण धूर फ्रेम्समुळे होत नाही, शटरमुळे होतो. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात तोच पाय १० सेंटीमीटर जातो आणि चित्रात १० सेंटीमीटरचा फराटा उमटतो. शंभरावा भाग ठेवला तर पाच सेंटीमीटर. पाचशेवा ठेवला तर फक्त एक, म्हणजे बुटाची कडसुद्धा ओळखू यावी. मग सगळेच पाचशेवा का ठेवत नाहीत? कारण पन्नासाव्याच्या तुलनेत पाचशेव्या भागात एक दशांश उजेड आत येतो. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, चांगल्या उजळलेल्या ऑफिसात पाचशेच्या आसपास, आणि तुमच्या मैदानावर खांबावरच्या चार दिव्यांखाली काय असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा. उजेड कमी पडला की फोन आपल्याला न विचारता शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. काही फोन तर फ्रेम्ससुद्धा ३० वरून २४ वर आणतात. चित्र उजळ दिसतं, आपण खूश होतो आणि पाय मात्र विरघळून गेलेला असतो.

यात दिव्यांची स्वतःची एक खोड आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब, मैदानावरचे जुने मेटल हॅलाइड आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक चित्रात उजेडाचे पूर्ण ठोके मावतात आणि चित्र स्थिर राहतं. १/६० किंवा १/२५० केलंत की कुणाच्या वाट्याला अर्धा ठोका, कुणाच्या वाट्याला पाऊण, आणि पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागतात. म्हणून संध्याकाळच्या सरावासाठी तुमचा आकडा १/१००. फ्रेम्स ५० असोत की ६०, शटर १/१०० वर बांधून ठेवलं की पट्टे येत नाहीत. दिवे कसे आहेत ते आजच तपासा : फोन स्लो-मोशनवर टाकून दिव्याकडे धरा. चांगला एलईडी शांत दिसतो, बाकीचे दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकतात.

म्हणजे तुम्हाला हवा असलेला कॅमेरा असा : १९२० बाय १०८० ठिपके म्हणजेच फुल एचडी, सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण फ्रेम्स, शटर आपल्या हाताने ठरवता येणारं आणि लेन्स भरपूर उजेड आत घेणारी. बाकी सगळं दुय्यम.

आता भावाचा हँडीकॅम. यात मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी मीही असाच एक वापरलेला हँडीकॅम घेतला. अंगावर ठसठशीत ‘फुल एचडी १०८०’ लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. भाच्याची मल्लखांबाची स्पर्धा काढली, टीव्हीवर छान चालली. मग तो म्हणाला, "मामा, उडीत माझा गुडघा वाकलाय का ते थांबवून दाखव." थांबवलं, तर दोन गुडघे! आणि दोन्हींच्या कडांना कंगव्यासारखे दाते. तो कॅमेरा ५०आय होता. ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड : एका वेळी अर्ध्याच ओळी टिपायच्या, एकदा सम आणि एकदा विषम, आणि दोन अर्धी चित्रं विणून एक करायचं. सेकंदाला ५० अर्धी, म्हणजे पूर्ण २५. जुन्या टीव्हीसाठी ही सोय होती, थांबवून पाय तपासणाऱ्यासाठी नाही. तुम्हाला हवं ते ५०पी, ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह, दर वेळी पूर्ण चित्र.

हँडीकॅममध्ये वापरली जाणारी एव्हीसीएचडी ही पद्धत सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणली, तिच्यात १०८०/५०पी बसवलं ते २०११ मध्ये. त्यामुळे भावाचा कॅमेरा त्याआधीचा असेल, तर सात हजार तर सोडाच, फुकटातही मैदानावर नेऊ नका. नंतरचा असेल तर मेनू उघडून बघा. सोनीच्या हँडीकॅममध्ये रेकॉर्डिंगच्या दर्जाच्या यादीत ‘पीएस’ असं असतं, तेच ५०पी. एफएक्स, एफएच वगैरे दिसले आणि पीएस नसला, तर भावाला प्रेमाने नाही म्हणा. (भाऊबीज जवळ असेल तर थोडं थांबा.)

फोर-केचा मामला सोपा आहे. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात, त्यामुळे दुरून काढलेलं दृश्य नंतर मोठं करून बघता येतं. पण तुमच्या पैशांत मिळणारे बरेच फोर-के कॅमेरे त्या दर्जाला सेकंदाला २५ किंवा ३० च फ्रेम्स देतात. म्हणजे धूर तोच, फक्त चौपट बारकाईने काढलेला. हेल्मेटवर लावायचे स्वस्तातले ॲक्शन कॅमेरे ‘फोर-के’ म्हणून विकतात, त्यांच्या खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘इंटरपोलेटेड’ असं छापलेलं असतं. आतला सेन्सर तेवढा नसतो, चित्र ताणून मोठं केलेलं असतं. वर त्यांच्या लेन्सने सरळ रेषा धनुष्यासारखी वाकते. जिथे सगळा वाद रेषेचाच, तिथे हा कॅमेरा नको.

तुमच्या मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. गेल्या तीन-चार वर्षांतला मध्यम किमतीचा फोन १०८०पी ६० फ्रेम्स देतो आणि त्याची लेन्स बहुधा एफ/१.८ च्या आसपास असते (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), म्हणजे उजेड खाण्यात तरबेज. तो बिघडतो तो ऑटोवर सोडल्यामुळे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आयफोनसाठी आहे, काही अँड्रॉइड फोनांवरही चालतं. त्यात शटर १/१०० वर बांधा, फोकस मध्यरेषेवर धरून कुलूप लावा, फोन ट्रायपॉडवर ठेवा. हा प्रयोग पैसे खर्च करण्याआधी आठवडाभर करा. त्यातून पाय दिसायला लागला, तर पालकांच्या २५ हजारांतून मजबूत ट्रायपॉड घ्या आणि राहिलेल्या पैशांतून बोनस रेषेच्या बाजूला दोन चांगले, न लुकलुकणारे एलईडी दिवे लावा. उजेड दुप्पट झाला की त्याच फोनमधून दुप्पट चांगलं चित्र मिळतं. खरं सांगू, मला हाच मार्ग सगळ्यात पटतो. पण पालकांनी ‘कॅमेऱ्यासाठी’ म्हणून पैसे दिलेत आणि ट्रायपॉड-दिवे दाखवले तर चार तोंडांनी चार गोष्टी बोलल्या जातील, हेही मला कळतं. शिवाय दर संध्याकाळी दोन तास फोन अडकवून ठेवणं घरात कुणालाच परवडत नाही.

तेव्हा कॅमेराच घ्यायचा तर वापरलेला घ्या. मी दोनच नावं सांगेन. पहिला पॅनासॉनिकचा एचसी-व्ही७८५. हा हँडीकॅमच्या घाटाचा, १०८०/५०पी, लेन्स एफ/१.८ पासून सुरू होते, शटर हाताने ठरवता येतं, बाहेरचा माइक लावता येतो. दुसरा कॅननचा ईओएस २००डी, २०१७ मध्ये आलेला. यात फोर-के नाहीच आणि त्यामुळेच तो वापरलेल्या बाजारात लोकांच्या मनातून उतरलाय, ते तुमच्या पथ्यावर पडतं. फुल एचडीत तो ५० आणि ६० फ्रेम्स देतो, शटर हातात, पळत्या माणसावर फोकस छान धरतो. याच्यासोबत येणारी १८-५५ लेन्स मात्र एफ/४ पासून सुरू होते, म्हणजे अंधारात जरा कच्ची. पैसे उरले तर २४ मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स जोडा, उजेड दुप्पट होतो. हा कॅमेरा सलग २९ मिनिटं ५९ सेकंदच चित्रण करतो. पूर्वी युरोपात अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून वेगळा कर लागायचा, त्यातून आलेली ही खोड. तुमचा पूर्वार्ध १५ मिनिटांचा असो की २० चा, त्यात बसतो. मध्यंतरात बटण पुन्हा दाबायचं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ तुम्हाला बरेच जण सुचवतील. ५०पी देतो, ३० पट झूम आहे, हातात हलका. दिवसा उत्तम. पण त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान आणि शटर आपल्या ताब्यात नाही, म्हणून दिव्यांखालच्या कबड्डीला मी तो घेणार नाही. झूमचा तर तुम्हाला उपयोगच नाही, तुम्हाला उलट रुंद दृश्य हवंय.

खरेदीला ठाण्याबाहेर पडायची तयारी ठेवा. सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं हारीने आहेत आणि वापरलेला माल तिथे चार ठिकाणी ताडून बघता येतो. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, कॅमेऱ्यासाठी आपल्याला उलट्या दिशेने जायचं, एवढंच. "बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो" असं कुणी म्हणालं की पुढच्या दुकानात जा.

दुकानात करायची परीक्षा सांगतो, ही चुकवू नका. स्वतःचं कार्ड आणि शक्य असेल तर लॅपटॉप घेऊन जा. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच चालू करा आणि त्याच्या शेजारी कुणाला तरी हात जोरात हलवायला सांगून दहा सेकंद चित्रण करा. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये ते उघडा आणि इंग्रजी ‘ई’चं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. स्टॉपवॉचचा एक सेकंद बदलायला साधारण ५० वेळा बटण दाबावं लागलं पाहिजे. २५ च वेळा लागलं, तर तो ५०पी नव्हे. बटण ५० वेळा दाबलं पण हात दर दुसऱ्या वेळीच हलला, तर यंत्र एकच चित्र दोनदा छापून फ्रेम्स वाढवून दाखवतंय. हाताला कंगव्याचे दाते दिसले तर मघाशी सांगितलं तेच. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

वापरलेल्या लेन्समध्ये मागून टॉर्च मारून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे एका बाजूला खाडी आणि वर चार महिने पाऊस, कपाटात कॅमेरा ठेवला की बुरशी येणारच. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा. कॅमेऱ्याच्या चामडी बॅगेत अजिबात नाही, ती ओल धरते.

कार्ड ‘यू३’ किंवा ‘व्ही३०’ छापलेलं, ६४ जीबी घ्या. ५० एमबीपीएस दर्जाला तासाला साडेबावीस जीबी लागतात, म्हणजे अडीच तास तरी सहज निघतात. नकली कार्डं फार आहेत, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर एकदा चालवून घ्या. जादा बॅटरी एक. माइक नको, तुमचा आवाज मैदानभर पोचतो असं मी धरून चालतो.

एवढं सगळं करूनही कॅमेरा चुकीच्या जागी ठेवलात तर वाद मिटणार नाही. तिरकस कोनातून बघितलं की रेषेच्या वर हवेत असलेला पाय रेषेपलीकडे टेकल्यासारखा दिसतो. महिलांचं मैदान १२ मीटर लांब. ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने ३० मिलिमीटरच्या आसपासच्या रुंद लेन्सने ते पूर्ण बसवायचं, तर बाजूच्या रेषेपासून दहा मीटर मागे जावं लागतं. शाळेचा पहिल्या मजल्याचा व्हरांडा हाताशी असेल तर मुख्य कॅमेरा तिथे ठेवा, चढाई-पकड सगळं वरून कळतं. आणि मुलाचा फोन? तो बोनस रेषेच्या अगदी सरळ रेषेत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. त्या फोनला बाकी काही दिसलं नाही तरी चालेल. मागचा पाय टेकला की नाही हे तो व्हरांड्यातल्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा खात्रीने सांगेल. निदान रेषेचा (चढाईत ओलांडावी लागते त्या रेषेचा) सराव घ्याल त्या दिवशी तोच फोन एक मीटर अलीकडे सरकवा.

महिन्यातून एक-दोन रविवारी सकाळी नऊला सराव ठेवा आणि शटर १/५०० वर टाका. उन्हाला ठोके नसतात, पट्ट्यांची भीती नाही. पदलालित्याचे दोष शोधायचे ते या रविवारच्या चित्रणातून. संध्याकाळचं चित्रण डावपेच बघायला पुरेसं आहे.

मुली लहान आहेत, तेव्हा चित्रणाआधी पालकांकडून लेखी संमती घ्या आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. ज्या मुलीचा तिच्याच घरी, आणि पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. नाहीतर ते दाबून लहान करतं आणि तुम्ही कमावलेली सगळी बारकाई जाते.

गेल्या महिन्यातल्या त्या बोनसचा निकाल मात्र जुन्या व्हिडिओतून लागणार नाही. जे चित्रात उतरलंच नाही ते कुठलंही ॲप परत आणत नाही, आणि "एआयने साफ करून देतो" म्हणणारा कुणी भेटला, तर तो त्या धुरातून एक सुबक पाय स्वतःच्या मनाने काढून देईल. गुण कुणाला द्यायचा ते पंच म्हणून तुम्हीच ठरवा.